तीनदा जोकर

डोक्यावर पितळी तांब्यांची उतरंड, खाली एकचाकी सायकल आणि तोंडावर शिकवलेलं हसू, अशी मी रिंगमध्ये गोल फिरत होते. शेवटचा तांब्या चढवायचा बाकी होता. तेवढ्यात लाउडस्पीकरवर आमच्या मॅनेजरचा, घोरपडे साहेबांचा आवाज आला.

“बाळगोपाळहो, आता येतोय तुमचा लाडका जोकर, जोकर, जोकर.”

गॅलरीतल्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी मात्र हातातला तांब्या डोक्यावर चढवलाच नाही, तसाच काखेत धरला आणि पायडल मारत राहिले.

आमच्या सर्कशीत ‘जोकर’ हा शब्द मिठासारखा होता, सगळ्यात पडायचा. झोपाळ्याचं जाळं बांधायला उशीर झाला की मॅनेजर ओरडायचे, “जोकर टाका रे मधे.” सकाळी तंबू ठोकणारे खलाशी पत्ते कुटायला बसले की हातात नसलेल्या पानाच्या जागी लागायचा तो जोकर. नवशिकं पोर झोपाळ्यावरून धपकन जाळ्यात पडलं की ‘याचा जोकर झाला.’ माझे मालक बायकोचं, म्हणजे माझं, ऐकतात म्हणून त्यांना अख्खा तंबू जोकर म्हणायचा, आणि ते खुशाल हसायचे. गावाकडं हाच शब्द शिवी म्हणून वापरतात हे मला कधी पटलंच नाही. आमच्यात जोकरचा पगार रिंगमास्तरच्या खालोखाल असे.

पण घोरपडे साहेबांनी माइकवर तो शब्द एका दमात तीनदा घेतला की त्याचा अर्थ एकच. काहीतरी भयंकर झालं आहे आणि ते लोकांना कळता कामा नये. मग बँडवाल्यांनी वाजवणं थांबवायचं नाही. रिंगमध्ये जो असेल त्यानं पळायचं नाही, हसत राहायचं. जोकरनं येऊन लोकांना जागच्या जागी धरून ठेवायचं, बाकीच्यांनी मागच्या मागं निस्तरायचं. तंबूत वाघ सुटो की आग लागो, लोक मरतात ते एकमेकांच्या पायांखाली, हे मला लग्न होऊन सर्कशीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तोवर मी हा तीनदा जोकर एकदाच ऐकला होता, वादळात मधला खांब कलला तेव्हा.

उदगीरला आमचा तळ होता. थंडीचे दिवस, दुपारचा खेळ. आसपासच्या शाळा मास्तरांसकट आलेल्या, त्यामुळे गॅलरी नुसती पोरांनी भरलेली. गॅलरी म्हणजे काय, लोखंडी घोड्यांवर पायऱ्यांसारख्या टाकलेल्या फळ्या. फळ्यांच्या मधल्या फटींतून पोरांचे पाय खाली लोंबत होते. काही पायांत बूट, बरेचसे अनवाणी. आणि खाली मोकळा अंधार, मागच्या बाजूला तर माणूस ताठ उभा राहील एवढा.

पडदा उडवून सदूदादा धावत आले. लाल, पिवळ्या, हिरव्या तुकड्यांचा तो झगा, चुन्यासारखं पांढरं तोंड, डोळ्यांभोवती निळी वर्तुळं, नाकावर लाल गोळा. एरवी हा माणूस कवठेमहांकाळकडचा, अबोल, पोटाच्या दुखण्यानं सदा ताक पिणारा. सर्कशीतली पोरं त्यांना मामा म्हणत. रंग चढला की मात्र ते वेगळेच असायचे. आले ते थेट माझ्या सायकलपुढं सपशेल आडवे झाले. पोरं खदखदून हसली. मी त्यांना वळसा घालताना ते मातीत तोंड ठेवूनच बोलले.

“कुमुद, थांबू नगंस. बेगम भाईर हाय. गॅलरीखाली शिरलीया.”

“कुठल्या अंगाला?”

“बँडच्या.”

आणि उठून त्यांनी स्वतःच्याच ढुंगणावर चापट मारून घेतली. पोरं आणखी हसली.

बेगम म्हणजे आमची तरणी सिंहीण. सिंहांचा आयटम नुकताच झाला होता. रिंगमधून जाळीच्या बोळातून जनावरं मागं पिंजऱ्यात जायची. कुठं तरी एका दाराची खिट्टी पडली नाही, एवढंच. आदल्याच मुक्कामाला बेगमनं एका खलाशाचा दंड फाडला होता. ती चिडकी नव्हती, पण दचकली की तिला आवरणं कठीण, असं इब्राहिमभाई सांगायचे. इब्राहिमभाई आमचे रिंगमास्तर. त्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

मी फिरत राहिले. डोळे मात्र फळ्यांखाली. बँडच्या बाजूला काही दिसेना. मग पुढच्या कोपऱ्यापाशी आले.

गॅलरीखाली, अगदी टोकाला, लाल फीत दिसली. सकाळी मीच लेकीच्या केसांत बांधलेली.

सर्कशीतल्या पोरांचा हा जुना नाद. खेळ चालू असताना गॅलरीखाली शिरायचं आणि वरून पडेल ते वेचायचं. शेंगा, रुमाल, एखादी गोटी, कधी नुसती एक चप्पल. त्यासाठी त्यांनी किती मार खाल्ला असेल त्याला हिशेब नाही. माझी छबी सहा वर्षांची. तिला मी कपडेवाल्या सारजाबाईपाशी बसवून आले होते. सारजाबाईंचा डोळा लागला असेल नाही तर कुणाचा तरी झगा फाटला असेल. मालक पुढच्या गावी मैदान बघायला गेलेले. पोर एकटी तिथं उकिडवी बसून ओच्यात शेंगा गोळा करत होती.

धाव घ्यावी असं वाटलं नाही असं कसं म्हणू? अंगातला कण अन् कण तिकडं ओढत होता. पण मी सायकल टाकून गॅलरीकडं पळाले असते तर पोरं उठली असती, मास्तर उठले असते, फळ्या धडाडल्या असत्या, आणि खाली बेगम दचकली असती. कदाचित माझ्या पोरीपासून चार हातांवर दचकली असती. मला तर ती नक्की कुठं आहे हेही माहीत नव्हतं. म्हणून मी हसत फिरत राहिले. आयुष्यात इतकं अवघड काम मी परत केलं नाही, बाळंतपणंसुद्धा त्यापुढं काही नाहीत.

पुढच्या फेरीला सदूदादा जवळ आले.

“दादा, छबी खाली हाय. त्या कोपऱ्याला.”

वर ट्रम्पेट बोंबलत होता. त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली.

“हां गं बाई, हां,” ते मोठ्यानं म्हणाले आणि गॅलरीकडं वळले. “पोरांनो, ही सायकलवाली बाई काय म्हणती म्हाईत हाय? म्हणती, उदगीरच्या पोरांचे पाय लई घाण.”

“नाही,” पोरं ओरडली.

“बघू? दावा मला. सगळ्यांनी पाय वर. फळीवर. मांडी घालून बसा बरं, देवाम्होरं बसल्यागत.”

बघता बघता ते सगळे पाय वर गेले. रांगेमागून रांग. एक टोपीवाले मास्तर तसेच बसले होते. सदूदादा त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले, हात जोडले. “गुरुजी, तुमचे बी. तुमचे तर सगळ्यात आधी.” मास्तरांनी लाजत पाय वर घेतले आणि पोरांनी तंबू डोक्यावर घेतला.

मला हायसं वाटलं. दादांनी ऐकलं, आता ते बघून घेतील. तेवढ्या आधारावर मी अजून एक फेरी मारली.

त्या फेरीत मला बेगम दिसली. म्हणजे फटीतून काहीतरी पिवळट सरकताना दिसलं. आधी खांदे, मग लांबच लांब पाठ, मग शेपूट. घाई नाही, गडबड नाही. वरच्या एका पोरीच्या हातातून शेंगांचा पुडा खाली पडला, तिथं ती थबकली, हुंगलं आणि पुढं निघाली. छबीच्या दिशेनं.

“आता दुसरा खेळ,” सदूदादा म्हणाले. “बाजा थांबला की पुतळा व्हायचं. डोळं सुद्धा हलवायचं न्हाईत. जो हलंल त्याच्या नाकाला हा लाल गोळा. कळलं?”

“कळलं.”

“आवाज बी न्हाई करायचा. पुतळा कधी बोलतो व्हय?”

बँड थांबला. एवढी पोरं, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी. मीही सायकल जागच्या जागी डुलवत उभी राहिले. आणि मला दिसलं की खाली छबीसुद्धा पुतळा झाली आहे. मामा म्हणाले म्हणजे ते तिच्यासाठीही होतंच. सोललेली शेंग तोंडाशी नेलेली, हात तसाच, मान तशीच. तिनं अजून मागं वळून बघितलं नव्हतं.

त्या शांततेत कनात फाटल्याचा बारीक आवाज आला. छबीच्या पलीकडं, कोपऱ्यातच, इब्राहिमभाईंनी बाहेरून तंबूची कनात चिरली होती आणि तिथं दार वर ओढलेला लहान पिंजरा लावला होता. आत मांस ठेवलं असणार. म्हणजे बेगमनं सरळ चालत जाऊन आत शिरायचं. मधे बसली होती माझी पोर.

बँड पुन्हा वाजला, पोरं खिदळली, मी पायडल मारलं. पडद्यापाशी घोरपडे साहेब उभे होते. त्यांनी सदूदादांकडं बघून दोन्ही मुठी मांडीवर आपटल्या. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

ती ‘धडधड’ची खूण होती. सदूदादांचा सगळ्यात गाजलेला आयटम. ते रिंगमध्ये एक पाय आपटत, की गॅलरीतली सगळी पोरं दोन्ही पायांनी फळ्या बडवत. असा काही आवाज उठे की बाहेर बांधलेले घोडे बुजत. साहेबांचं गणित सरळ होतं. मागून गडगडाट झाला की जनावर पुढं पळेल, पुढं पिंजऱ्याचं दार उघडं आहे, सुटलो. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. त्यांना कुठं माहीत होतं खाली कोण आहे.

मी त्यांच्याकडं बघून जीव तोडून मान हलवली. डोक्यावरची उतरंड डुलली. त्यांना वाटलं मी तोल सावरते आहे. माझं रिंगण पडद्यापासून लांब. ओरडले असते तर पोरं उठली असती.

मी सदूदादांकडं बघितलं. ते साहेबांच्या अगदी समोर तोंड करून उभे होते. मुठी मांडीवर आपटतच होत्या. दादांनी एक पाय उचलला. मग त्यांनी तो पाय हळूच खाली ठेवला, बाहीनं तोंड पुसलं आणि साहेबांकडं पाठ फिरवली.

“पुतळा,” ते म्हणाले.

बँड थांबला.

त्या क्षणी तो रंगीबेरंगी झगा मला विठोबापेक्षा मोठा वाटला. मॅनेजरची खूण मोडणं म्हणजे काय हे सर्कशीतल्या माणसालाच कळेल. नोकरी तर जातेच, वर काही वाईट झालं तर सगळं त्याच्या माथी. साहेबांनी पुन्हा खूण केली, ओठांनी ‘धडधड’ असं म्हणूनही दाखवलं. दादांनी वळून पाहिलं नाही.

बेगम छबीपाशी पोचली होती.

मला दोन फटींतून दोन तुकडे दिसत होते. एकीत छबीचा चेहरा, दुसरीत बेगमचं नाक. ते नाक वर झालं, फितीपाशी आलं, फीत हलली. छबीच्या डोळ्यांना दिसलं असणार, कारण ते एकदम मोठे झाले. पण ती हलली नाही. माझ्या तोंडावर हसू तसंच होतं, कारण ते काढायचं कसं हेच मला आठवत नव्हतं. देवाला नवस बोलायचं सुचलं नाही. आईचं नाव आठवलं नाही. नुसतं, हलू नकोस, हलू नकोस, हलू नकोस.

“बेगम,” बाहेरून हलक्या आवाजात इब्राहिमभाई म्हणाले. “बेटी, आ जा. आ जा मेरी जान.”

नाक फितीपासून दूर झालं. ती पिवळी पाठ छबीच्या खांद्याला घासून पुढं गेली. शेपटीचा गोंडा छबीच्या गालावरून फिरला. मग खाडकन दार पडलं.

वरच्या रांगेतला एक पोरगा त्या आवाजानं दचकून हलला. पोरांनी ओरडत त्याला रिंगमध्ये ढकललं आणि सदूदादांनी शब्द पाळला, त्याच्या नाकाला लाल गोळा लावला. टाळ्या पडल्या. लोकांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मी उतरंड उतरवली, वाकून नमस्कार केला आणि पडद्याआड गेल्यावर त्या कोपऱ्याकडं धावत सुटले.

छबीला इब्राहिमभाईंनीच कनातीतून ओढून आणलं. तिची चड्डी ओली झाली होती. मी तिला छातीशी धरलं तर ती म्हणाली, “आई, मी हललेच न्हाई. मामानं बघितलं का?”

तिला कडेवर घेऊन मी सदूदादांकडं गेले. ते आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून खोबरेल तेलाच्या बोळ्यानं डोळे पुसत होते. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“अगं, ह्ये काय करतीस?”

“दादा, तुम्ही आज माझी पोर वाचवली. साहेबांनी खूण केली तरी धडधड केली न्हाईत. जन्मभर इसरणार न्हाई मी.”

“कसली खूण?”

मला वाटलं मोठेपणा घ्यायला लाजतायत. तेवढ्यात घोरपडे साहेब आत आले. त्यांचा चेहरा अजून पांढराफटक होता.

“सदोबा, डोळे फुटलेत का तुमचे? इतक्या वेळा खूण केली. समोर उभे राहून बघता आणि पाठ फिरवता?”

सदूदादा उठून उभे राहिले. “बघत न्हवतो, साहेब. घामानं रंग डोळ्यांत उतरला हुता. आग आग हुत हुती निस्ती. दोन्ही डोळ्यांनी काय दिसत न्हवतं. बँड ऐकून चाललं हुतं समदं.”

“मग पाय कशाला उचललात?”

“धडधडच करावी म्हणलं. मग वाटलं, तुमची खूण आल्याबिगर कशाला? म्हणून थांबलो.”

मी म्हणाले, “पण दादा, मी तुम्हाला सांगितलं हुतं की. छबी खाली हाय म्हणून. तुम्ही हां म्हणालात.”

त्यांनी लाल झालेले डोळे बारीक करून आधी माझ्याकडं, मग छबीकडं बघितलं.

“छबी कुठं हुती?”

छबीच उत्साहानं म्हणाली, “खाली. गॅलरीखाली. बेगम माज्याजवळ आली तरी मी पुतळा.”

“बाज्यात काय ऐकू आलं न्हाई गं मला,” सदूदादा म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. “काहीतरी म्हणलीस म्हणून हां म्हणलो.” मग ते साहेबांकडं वळले. “तुमची खूण दिसली असती, साहेब, तर धडधड केलीच असती की.”

घोरपडे साहेब पेटीवर मटकन बसले. त्यांना तेव्हा कुठं उमगलं की आपण कशाची खूण करत होतो.

छबीनं मामाकडं जायला हात पसरले. रोजची सवय तिची. सदूदादा मागं सरकले. कनातीला पाठ लागेपर्यंत मागं सरकले, जसं काही पोरीच्या हातांत विस्तव होता. त्या दिवसापासून त्यांनी तिला कधी कडेवर घेतलं नाही. पोर कितीतरी दिवस विचारायची, मामा माझ्यावर रागावलाय का.

संध्याकाळच्या खेळाला ते रंग लावून उभे राहिले. उभे न राहून करतात काय? पण धडधडचा आयटम त्यांनी कायमचा बंद केला. साहेबांनीही त्याचं नाव काढलं नाही.

तरी पोरं ती पोरंच. थंडी असली, खेळ रंगला, की गॅलरीत कुणीतरी आपणहून पाय आपटायला लागे आणि सगळी गॅलरी धडधडू लागे. मग सदूदादा असतील तिथून धावत सुटत. रिंगच्या कडेला पालथे पडून, गाल मातीला टेकवून, फळ्यांखालच्या अंधारात बघत. इथं बघून झालं की उठून पुढं, तिथं पुन्हा पालथे, असे या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो लाल, पिवळा, हिरवा झगा मातीत असा सरपटताना बघून लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. त्यांना वाटे, आयटमच आहे. खाली कुणी नाही अशी खात्री झाली की दादा धापा टाकत उभे राहत, आणि खूश झालेली पोरं पुन्हा पाय आपटायला लागत.